गुऱ्हाळ बंद करण्यापूर्वी वही उघडा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. बराच वेळ पावसापाण्याचे, लागणीचे आणि म्हशीच्या दुखण्याचे बोलणे झाले. मग ते म्हणाले, "फादर, औंदा गुऱ्हाळ बंद करावं म्हणतोय. ऊस सगळा कारखान्याला घालतो आन् मोकळा होतो. थोरल्यांना अजून सांगितलेलं नाही."

थोरले म्हणजे त्यांचे वडील. गुऱ्हाळ त्यांनी उभे केले. आता वय झाले, तरी हंगामात ते चुलवाणाशेजारीच बाज टाकून झोपतात. तेव्हा ही गोष्ट सांगणे सोपे नव्हते, हे आम्ही ओळखले. शिवाय हे ऐकून आम्हांला स्वतःलाही थोडे अपराधी वाटले. त्याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे. २०२३ साली याच पानावर आम्ही मोठ्या उत्साहाने लिहिले होते की, आपल्या तरुणांनी ढेपेच्या मागे न लागता गुळाची पावडर करावी, पाकिटे भरावीत, कर्ज काढून यंत्र घ्यावे आणि शहराची बाजारपेठ गाठावी. तो लेख वाचून, आणि वाचल्यावर आमच्याकडे येऊन दोनदा विचारून, या घराने आणखी दोन घरांना बरोबर घेतले आणि पावडर करण्याचे व पाकिटे भरण्याचे यंत्र आणले. पहिल्या वर्षी पाकिटे गोव्याला गेली. जुलैत त्यांपैकी निम्मी परत आली. आतल्या पावडरीचे दगड झाले होते. दुकानदाराने भांडण केले नाही, फक्त पुन्हा माल मागवला नाही. यंत्र आता पोत्याखाली झाकून ठेवले आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो आहे, साडेसहा हजार रुपये.

चूक आमची अशी झाली की, आम्ही यंत्राविषयी लिहिले, पण यंत्रात घालावयाच्या गुळाविषयी लिहिले नाही. पावडरीचा पाक ढेपेच्या पाकापेक्षा जास्त चढवावा लागतो आणि ती फार कोरडी राखावी लागते. आपल्या भागातील पावसाळी हवेत साध्या पाकिटात ती टिकत नाही. ही माहिती मिळण्यासारखी होती, आम्ही ती विचारली नाही. म्हणून या खेपेस लिहिण्यापूर्वी आम्ही त्या तिन्ही घरांत जाऊन बसलो, आणि काय पाहिले ते त्यांच्या परवानगीने येथे मांडीत आहोत. गूळ हे आमचे उदाहरण आहे. पापड, लोणची, काजूगर, आमसुले, चकली-भाजणी असा कोणताही लहान धंदा करणाऱ्यांना यातले पुष्कळसे लागू पडेल.

प्रथम हिशेबाची गोष्ट. त्या घरात हिशेब नव्हता असे नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनात रोजची मजुरी, डिझेल आणि गूळ किती निघाला हे आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. आम्ही एका दिवसाचे आकडे घेतले. ऊस पाच टन, गूळ साडेपाचशे किलो. उतारा वाईट नाही, टनाला ११० किलो. तोडणी-वाहतूक ३,५०० रुपये, गुळव्या आणि इतर माणसांची मजुरी ५,००० रुपये, डिझेल ८०० रुपये, चुना, भेंडी, तेल, फडकी वगैरे ४५० रुपये. एकूण ९,७५० रुपये. गूळ घाऊक बाजारात ४२ रुपये किलोने गेला, म्हणजे २३,१०० रुपये आले. घरच्यांच्या मते त्या दिवशी १३,३५० रुपये सुटले, आणि पाच टनांत एवढे सुटले म्हणजे धंदा बरा असा त्यांचा समज.

आम्ही विचारले, "आणि उसाचे काय?"

"ऊस घरचाच की फादर."

येथेच सारी गोम आहे. घरचा ऊस फुकट नसतो. २०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे ऊस उत्पादक शेतकरी टनाला ३,५०० रुपये मिळावेत म्हणून रस्त्यावर बसले होते, हे वाचकांना आठवत असेलच. अखेर चांगल्या उताऱ्याच्या उसाला ३,३०० रुपयांवर तोड निघाली. हाच भाव धरला, तर त्या दिवशीचा पाच टन ऊस कारखान्याला घातला असता, तर तोडणी-वाहतुकीची चिंता न करता घरी बसून १६,५०० रुपये आले असते. गुऱ्हाळाने दिले १३,३५०. म्हणजे दिवसभर घरच्या चार माणसांनी धुरात उभे राहून ३,१५० रुपये पदरचे घातले. उसाची किंमत धरून त्या दिवशी गूळ पडला किलोला ४७ रुपये ७३ पैसे, आणि विकला ४२ ला. शिवाय सुनेची आणि सासूची मजुरी यात कोठेच नाही. त्या दोघी पहाटेपासून चहा, भाकरी, फडकी धुणे, ढेपा बांधणे ही कामे करीत होत्या, पण दिनदर्शिकेच्या चौकोनात त्यांना जागा मिळाली नव्हती.

हा आकडा मांडल्यावर खोलीत कोणी काही बोलले नाही. थोरले मात्र म्हणाले, "कारखाना पैसे देतो कधी?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातलेला नियम, पण चौदा दिवसांची वाट कितीकदा चार महिने पाहावी लागते, हे आपल्या भागातील कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाही? गूळ आज नेला की आज पैसा हातात येतो. लेकराची फी, दवाखाना, सोसायटीचा हप्ता यांना रोकड लागते. एवढ्यासाठीच पुष्कळ गुऱ्हाळे आजवर चालली आहेत. पण रोकड हवी म्हणून तोटा सोसणे आणि नफा आहे असे समजून तोटा सोसणे, यांत फरक आहे. पहिले घर निदान किती किंमत देतो आहोत हे जाणते.

तेव्हा आमचे पहिले मत असे की, लहान खाद्यधंद्याला कर्जापूर्वी, यंत्रापूर्वी, नावापूर्वी एक वही हवी, आणि त्या वहीत घरचा माल बाजारभावाने व घरच्या बायकांची मेहनत मजुरीच्या दराने लिहिली गेली पाहिजे. ज्यांच्याकडे काजूची झाडे आहेत ते काजूगर विकताना हीच चूक करतात. घरच्या कोंबड्यांची अंडी घालून केक करणाऱ्या आपल्या भगिनीही करतात. डिसेंबरात केक विकून हातात पाच हजार आले म्हणजे पाच हजार मिळाले असे नव्हे.

आता रंगाविषयी. घाऊक बाजारात पिवळ्याधमक गुळाला दोन-चार रुपये जास्त मिळतात. म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. ही पावडर म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. तिने गूळ लगेच उजळतो, मात्र गंधकाचा अंश मागे राहतो. आपल्या देशातील अन्नविषयक नियमांप्रमाणे गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. मुठीने टाकणाऱ्याला हे प्रमाण कळणार कसे? दम्याच्या रोग्यांना हा अंश विशेष बाधतो. आणि गंमत अशी की, हायड्रॉसने आलेला रंग टिकतही नाही. काही महिने ठेवला की तोच गूळ काळवंडू लागतो. म्हणजे व्यापाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली ही सजावट खाणाऱ्याच्या घरी पोहोचेपर्यंत उतरते.

आम्हांला एक जण म्हणाला, "फादर, सगळेच टाकतात, आम्ही नाही टाकलं तर आमचा गूळ मागं पडतो." घाऊक सौद्यात पडतो, हे आम्ही मान्य करतो. त्या सौद्यात आपला गूळ शंभर जणांच्या गुळाशेजारी मांडलेला असतो. घेणाऱ्याला फक्त रंग आणि कणी दिसते, करणारा दिसत नाही. अशा ठिकाणी लहान माणसाने मोठ्याशी स्पर्धा करू नये. तेथे त्याच्याजवळ असलेली एकुलती एक गोष्ट, म्हणजे हा गूळ कोणी आणि कसा केला हे सांगता येणे, निरुपयोगी ठरते. तपकिरी गूळ विकावयाचा असेल, तर जेथे करणाऱ्याचे तोंड दिसते तेथेच विकला पाहिजे.

पण नुसते "आमचा गूळ बिनरसायनी" असे म्हणून भागत नाही. आम्ही त्या घरच्या तीन वेगवेगळ्या आठवड्यांच्या ढेपा मागवून फोडल्या. एक कणीदार व घट्ट, एक चिकट, तिसरी खारट. तिन्ही बिनरसायनी! ज्याने पहिली नेली तो दुसऱ्यांदा आला आणि तिसरी मिळाली, तर तो चौथ्यांदा येणार नाही. एकसारखा माल देणे ही मोठ्या कारखान्यांची खरी ताकद आहे. जाहिरात वगैरे मागाहून येते. साखरेचे पोते जानेवारीतले असो की मार्चमधले, गिऱ्हाइकाला तेच मिळते. लहान धंदा मागे पडतो तो बहुधा येथे, आणि त्याला वाटते की आपण भावात मागे पडलो.

ढेप खारट का झाली, याचा शोध आम्ही गुळव्यासह घेतला. तो ऊस नदीकाठच्या चिबड जमिनीतला होता, आणि उशिरापर्यंत युरिया दिलेला. अशा उसाचा रस गुळाला चांगला नसतो, तो कारखान्याला घालावा. चिकट ढेपेचा ऊस तोडून दोन दिवस गाडीत पडून होता. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने मोडत जाते, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप झाले पाहिजे. को ८६०३२ सारखा ऊस आपल्या भागात सर्वत्र आहे, त्याचा गूळ चांगला होतो, पण तो पक्व झालेला असेल तर. कोवळा ऊस गाळून पैसा लवकर हाती घेण्याची घाई अंगाशी येते.

गुळव्याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण या धंद्यातील खरी विद्या त्याच्याजवळ आहे. रस तापू लागला की त्याने चुन्याची निवळी किती घालावयाची, भेंडीच्या खोडाचा चीक केव्हा सोडावयाचा, मळी किती वेळा काढावयाची, हे सारे त्याने वडिलांपासून शिकलेले असते. पाक झाला की नाही हे तो थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून पाहतो. त्याची गोळी होते, ती तो काहिलीच्या कडेवर मारतो आणि आवाज ऐकतो. आम्ही सेमिनरीत पुष्कळ विषय शिकलो, पण असा कान आम्हांला कोणी दिला नाही. मात्र गुळव्या आजारी पडला, किंवा शेजारच्या गावाने जास्त मजुरीवर नेला, की ती विद्याही गेली. त्याच्या जागी आलेल्याचा कान वेगळा.

म्हणून आमची सूचना अशी होती की, गुळव्याने आपल्या पद्धतीनेच काम करावे, पण त्याच्याशेजारी एक थर्मामीटर, पीएच पाहावयाच्या कागदाच्या पट्ट्या आणि एक वही असावी. कच्च्या रसाचा पीएच साधारण सव्वापाच-साडेपाच असतो, चुन्याने तो सहाच्या थोडा वर आणला की मळी नीट सुटते. जास्त चुना पडला तर गूळ काळपट होतो. ढेपेचा पाक साधारण ११४ ते ११८ अंश सेल्सिअसला उतरवितात, काकवी १०५ अंशांच्या आसपास, आणि पावडरीसाठी पाक १२० अंशांच्या वर न्यावा लागतो. प्रत्येक आधणाला ऊस कोणत्या शेतातला, केव्हा तोडला, पाक किती अंशांवर उतरविला, ही एक ओळ लिहावी. गुळव्याला प्रथम हे आवडले नाही. आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे त्याला वाटले. मग आम्ही त्यालाच म्हटले, तुम्ही आवाजावरून हाक द्या, आम्ही त्या क्षणी आकडा पाहू. चार आधणांत तिघांची हाक ११६ ते ११७ च्या दरम्यान पडली आणि एक १२१ ला गेली. चौथ्या वेळी तो मुलाशी बोलत होता! तो स्वतःच हसला आणि म्हणाला, "ही काचेची नळी मला चोवीस तास सांभाळील का, फादर?"

ढेपा एकसारख्या होऊ लागल्या की पावसाळ्याचा प्रश्न उरतो. दमट हवेत गुळाला पाणी सुटते, बुरशी येते. यासाठी पुन्हा मोठी यंत्रे घेण्याची भाषा कोणी करू लागले, तेव्हा आम्हांला लिज्जत पापडाची जुनी हकिकत आठवली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव येथे जसवंतीबेन जमनादास पोपट यांच्यासह सात गृहिणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी काय आणले? एक खाट आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळा ओलांडला गेला. आज त्या संस्थेत हजारो स्त्रिया काम करतात. बायका घरोघरी पापड लाटतात, पण पीठ मात्र केंद्रात एकत्र मळले जाते आणि परत आलेला पापड तपासून घेतला जातो. हात हजारो, चव एकच. आमच्या २०२३ च्या लेखात आम्ही यंत्राऐवजी ही हकिकत लिहिली असती तर बरे झाले असते.

तिन्ही घरांनी गुळासाठी काढलेला उपाय त्याहूनही साधा आहे. पावसाळ्यासाठी साठवावयाचेच नाही. पण त्याविषयी पुढे.

आता नावाची गोष्ट, आणि ती काही वाचकांना रुचणार नाही. आपल्याकडचा गूळ पुष्कळदा "कोल्हापुरी" म्हणून विकला जातो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव आता कायद्याने त्या प्रदेशातील उत्पादकांचे आहे, आणि सीमेपलीकडचा गूळ त्या नावाने येतो ही त्यांची तक्रार रास्त आहे. आम्हांला याची लाज वाटते, आणि धंद्याच्या दृष्टीने तो तोटाही वाटतो. आपला गूळ चांगला निघाला, तर श्रेय कोल्हापूरला जाते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी कोल्हापूरचाच गूळ शोधते. बेळगावच्या कुंद्याने कोणाचे नाव उसने घेतले? केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना काढली, तिच्यात "एक जिल्हा एक उत्पादन" म्हणून बेळगाव जिल्ह्यासाठी गूळच निवडला गेला. तेव्हा आपल्या गावाचे नाव ढेपेवर घालण्यास काय हरकत आहे?

त्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. अनुदानाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. ज्याला हवे त्याने कृषी खात्यात जाऊन त्या वर्षीच्या अटी विचाराव्यात. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, ३५ टक्के सरकार देते तेव्हा ६५ टक्के आपण देतो. पोत्याखाली झाकलेले यंत्र ३५ टक्के स्वस्त मिळाले म्हणून कामाचे होत नाही.

वेष्टनावर काय लिहावे याविषयी दोन शब्द, कारण हे पान आरोग्याचेही आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. पुष्कळ जण याला भितात. पण लहान धंद्याची नोंदणी सोपी असते आणि अर्ज घरबसल्या संगणकावर करता येतो. ज्यांना जमत नसेल त्यांना आपली युवक मंडळी मदत करतील. निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व पत्ता असावा. मात्र एका घराने छापून आणलेल्या कागदावर "मधुमेहींसाठी उत्तम" असे होते, ते आम्ही खोडावयास लावले. गुळात मुख्यत्वे साखरच असते. त्याने रक्तातील साखर वाढते, अगदी साखरेने वाढते तशीच. लोह व इतर क्षार थोडे अधिक असतात, पण मधुमेही माणसाने त्या भरवशावर चहात गूळ घालू नये. गेल्याच वर्षी आपल्या एका आजीबाईंना पायाची जखम बरी होईना म्हणून बेळगावला न्यावे लागले. "साखर सोडली, गूळच खाते" असे त्या डॉक्टरांना अभिमानाने सांगत होत्या. चार पाकिटे जास्त खपावीत म्हणून कोणाच्या तरी आजीला असे सांगणे आम्हांला मान्य नाही.

गुऱ्हाळाच्या जागेबद्दलही बोललो. चुलवाणात चिपाडे कमी पडली की जुने टायर, प्लॅस्टिक घालण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. त्याचा धूर मजुरांच्या छातीत जातो आणि काजळी काहिलीवर बसते. या तिघांकडे हे नव्हते, पण काहिलीजवळ लहान मुले खेळत होती. उकळत्या पाकाचे भाजणे पाण्याच्या भाजण्यापेक्षा वाईट, कारण तो अंगाला चिकटून राहतो. तेथे आडवा बांबू बांधून घेतला.

एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न आला. गुऱ्हाळ ठेवावयाचे की बंद करावयाचे?

आमचे मत आम्ही तेथे सांगितले तेच येथे लिहितो. गुऱ्हाळ ठेवावे, पण लहान करावे. प्रत्येक घर हंगामात चाळीस-चाळीस दिवस गाळप करीत होते. त्याऐवजी तिघांनी मिळून एकच गुऱ्हाळ, तेही सारे मिळून अठरा दिवस चालवावे. नाताळापूर्वी सहा दिवस, संक्रांतीपूर्वी सहा दिवस आणि शिमग्यापूर्वी सहा दिवस. तिळगुळाला संक्रांतीत गूळ लागतोच, नाताळात गोव्याच्या नातेवाइकांकडून मागणी येते. माल ताजा असताना संपतो, म्हणजे पावसाळ्यासाठी साठविण्याचा प्रश्न उरत नाही. बाकीचा सर्व ऊस, खारवट शेतातला तर नक्कीच, कारखान्याला घालावा.

अठरा दिवसांत, रोज साडेपाचशे प्रमाणे, ९,९०० किलो गूळ होतो. घाऊक बाजारात एकही ढेप न देता एक किलोच्या ढेपा स्वतः विकाव्यात. ४७ रुपये ७३ पैशांवर वेष्टनाचे दोन, बांधणाऱ्या बायकांच्या मजुरीचे तीन आणि ने-आण करण्याचे दोन रुपये धरले, तर किलोला सुमारे ५५ रुपये पडतात. ७० ने विकला तर १५ रुपये राहतात. सारा माल खपला तर १,४८,५०० रुपये. त्यातून यंत्राचा वर्षाचा हप्ता ७८,००० रुपये जातो. उरतात ७०,५००, म्हणजे घरटी साडेतेवीस हजार. हा आकडा मोठा नाही, हे आम्ही त्यांना दोनदा सांगितले. पण तो उसाची आणि घरच्या बायकांची किंमत चुकती केल्यावरचा आहे, आणि हप्ता संपल्यावर तो दुप्पट होईल. यंत्राला गिऱ्हाईक मिळाले तर त्याआधीही होईल. आपल्यापैकी कोणाला हवे असेल तर कळवावे, यंत्र उत्तम स्थितीत आहे.

९,९०० किलो खपणार कोठे, हा प्रश्न धाकट्या मुलाने विचारला आणि तो बरोबर विचारला. गेल्या हंगामात त्यांनी स्वतः विकलेला गूळ तीन घरे मिळून साडेपाच हजार किलोंच्या आत आहे. म्हणून पहिल्या वर्षी नऊ दिवसच गाळावे आणि गिऱ्हाइकांची नावे वहीत लिहून घ्यावीत, असे ठरले. यंदा मग हप्ता जाऊन हाती काही राहणार नाही, उलट हप्त्यासाठी थोडे पदरचे घालावे लागतील. उधारीबद्दलही कडक नियम केला आहे. नातेवाइकांनासुद्धा दोन ढेपांपलीकडे उधार नाही. हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाईल असे आम्हांला वाटते, विशेषतः लग्नसराईत.

थोरल्यांना हे सारे पटले असे म्हणता येणार नाही. "चुलवाण चार महिने थंड ठेवायचं व्हय?" असे म्हणून ते उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा सांगत आला की, त्यांनी रात्री नऊ दिवसांच्या गाळपाला कोणत्या शेतातला ऊस घ्यावयाचा ते ठरविले आहे, आणि त्यात नदीकाठचे शेत नाही.

पहिले आधण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढेल. थर्मामीटर आम्ही बेळगावहून आणून दिला आहे. सुनेने त्याची पावती आमच्याकडून मागून घेतली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर खर्चात लिहिली.